चाकण : कसबा, कोट आणि रस्ता

चाकणचा संग्रामदुर्ग पाहावयास जाणाऱ्यास प्रथम एका गोष्टीचे नवल वाटते, ते हे की, ज्या मुलखात कातळकड्यांचे आणि दुर्लंघ्य शिखरांचे इतके वैपुल्य, ज्या मुलखात शिवनेरीसारखा दुर्ग एका मजलेवर उभा आणि लोहगड-विसापूर नजरेच्या टप्प्यात, त्या मुलखात कोणा राज्यकर्त्यास सपाट माळावर, भिंत आणि खंदक यांखेरीज कोणताही आधार नसलेला कोट बांधण्याची बुद्धी का झाली असावी? या प्रश्नाचे उत्तर कोटात सापडत नाही; ते नकाशात सापडते. दक्षिणेस इंद्रायणी, उत्तरेस भामा, आणि या दोन नद्यांमधील मोकळ्या पट्ट्यातून नाणेघाट-जुन्नरकडून पुण्यास, आणि बोरघाट-मावळाकडून अहमदनगरास जाणाऱ्या वाटा एकमेकींस छेदतात. चाकणचे बळ उंचीचे नव्हते, वाटेचे होते. आणि गेल्या सुमारे पावणेसहाशे वर्षांत या कसब्याच्या वाट्यास जे वैभव आणि जे अनर्थ आले, ते सारे याच वाटेने आले.

कोटाचा आरंभ कोणी केला याविषयी एका हबशी सरदाराची दंतकथा आहे, आणि तिचे साल 1295 असे सांगतात. परंतु ज्यास इतिहास म्हणता येईल असे चाकण आपणांस बहमनी अमलातच प्रथम भेटते. सुलतान दुसरा अलाउद्दीन याने मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन यास कोकण जिंकण्याच्या कामगिरीवर धाडले, तेव्हा त्याने आपले ठाणे चाकणास केले. 1453 च्या सुमारास स्थानिक शिर्के सरदारांनी त्याला गोड बोलून, वाटाड्याचा बहाणा करून, खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, निबिड अरण्यात नेले आणि तेथे त्याच्यासह त्याच्या सैन्याचा निःपात झाला. फिरिश्ता या तवारीखकाराने यापुढील जी हकीकत नमूद करून ठेविली आहे ती अधिक विषण्ण करणारी आहे. जे परदेशी शिपाई जिवानिशी सुटून चाकणच्या कोटात परतले, त्यांच्याविषयी दख्खनी सरदारांनी दरबारी फितुरीचे कागद पाठविले. सुलतानाच्या हुकुमाने कोटास वेढा पडला. सुमारे दोन महिने झुंजल्यावर शिबंदीस अभयाचा कौल देण्यात आला, मेजवानी मांडण्यात आली, आणि त्या मेजवानीतच त्यांची कत्तल झाली. सत्य उमगल्यावर सुलतानाने अपराध्यांस कठोर शासन केले खरे, परंतु बहमनी राज्यास पोखरणाऱ्या दख्खनी-परदेशी वैराचे इतके उघडे, इतके नीच रूप दुसऱ्या फारशा ठिकाणी दिसत नाही.

पुढे मलिक अहमदाने, म्हणजे ज्याने 1490 मध्ये निजामशाहीची स्थापना केली त्यानेच, चाकणच्या जहागीरदारास लढाईत मारून हे ठाणे घेतले. निजामशाहीच्या उत्तरकाळात पुणे आणि सुपे हे परगणे मालोजीराजे भोसले यांच्याकडे आले, त्यांबरोबर शिवनेरी आणि चाकण या किल्ल्यांचा ताबाही आला. शिवाजी महाराजांनी स्वराज्याची उभारणी आरंभिली तेव्हा कोटाचा कारभार फिरंगोजी नरसाळा यांच्याकडे होता. ते महाराजांना येऊन मिळाले आणि महाराजांनी किल्लेदारी त्यांच्याकडेच कायम ठेविली. ही कायम ठेवण्याची कृती वरकरणी किरकोळ वाटते; परंतु तिचे मोल 1660 साली कळले.

त्या वर्षाच्या मे महिन्यात शाहिस्तेखान पुण्यास उतरला. पावसाळा तोंडावर होता. नद्यांना पूर आल्यावर अहमदनगरहून येणारी रसद पुण्यास पोहोचेनाशी होईल हे त्या अनुभवी सुभेदाराने ओळखले, आणि नगरच्या वाटेवरील चाकण हस्तगत करण्याचा निश्चय केला. 21 जून रोजी मोगली फौज कोटाभोवती येऊन भिडली. एका बाजूस सुमारे वीस हजारांचे सैन्य, तोफखाना आणि हिंदुस्थानातील नामांकित राजपूत सरदार. दुसऱ्या बाजूस तीनचारशे माणसांची शिबंदी, पाण्याने भरलेला खंदक आणि आषाढ-श्रावणाचा पाऊस. चिखलात मोर्चे बांधणे, ओली दारू वाळविणे, आतून रात्रंदिवस होणारा मारा सोसणे, या कष्टात मोगलांचे जवळजवळ आठ आठवडे गेले. अखेरीस ईशान्येच्या बुरुजाखाली सुरुंग खणण्यात आला आणि 14 ऑगस्ट रोजी दुपारी तो उडविला. बुरुज आणि त्यावरील माणसे आकाशात उधळली. परंतु आत शिरू पाहणाऱ्या मोगलांना दिसले ते हे, की फिरंगोजींनी बुरुजाच्या मागे मातीचा दुसरा बांध आधीच रचून ठेविला आहे. त्या बांधाआडून बाण, दारूचे हुक्के आणि दगड यांचा असा वर्षाव झाला की ती रात्र हल्लेखोरांना तेथेच, पडल्या जागी, काढावी लागली. दुसऱ्या दिवशी तट पडला, शिबंदी बालेकिल्ल्यात हटली, आणि बुंदीच्या राव भावसिंह हाडा यांच्या मध्यस्थीने कोट स्वाधीन झाला. मोगलांचे 268 ठार आणि 600 जखमी झाले, म्हणजे हे नुकसान कोटातील एकूण माणसांच्या दुपटीहून अधिक होते.

शाहिस्तेखानाने फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली. महाराजांनी त्यांचा सन्मान करून पुढे भूपाळगडाची किल्लेदारी त्यांना दिली. मला या प्रकरणात शौर्याइतकेच महत्त्वाचे वाटते ते त्यातून निघालेले अनुमान. एक भुईकोट घेण्यास सारा पावसाळा लागतो, तर सह्याद्रीतील डोंगरी किल्ले घेण्यास किती वर्षे लागतील, हा हिशेब खानाने केला नसेल असे मानता येत नाही. त्यानंतर किल्ल्यांच्या वेढ्यांत तो फारसा पडलाच नाही. पुण्यास लाल महालात जाऊन राहिला, आणि तेथे 5 एप्रिल 1663 च्या रात्री त्याची जी गत झाली ती प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. इकडे मोगलांनी चाकणास इस्लामाबाद असे नाव दिले; ते दप्तरात राहिले, बाजारात कोणी उच्चारले नाही. 1668 च्या सुमारास औरंगजेबाशी जुळलेल्या समेटात पुणे, सुपे आणि चाकण हे परगणे महाराजांकडे परत आले.

यापुढील दीडशे वर्षांचा मागोवा थोडक्यात आटोपतो. पेशवाईत राजकारणाचा मध्य पुण्यास गेला आणि चाकण हे त्याच्या वाटेवरील एक ठाणे उरले. फेब्रुवारी 1818 मध्ये इंग्रजी फौजेने ते घेतले. तालुक्याची कचेरी खेडास, म्हणजे आजच्या राजगुरुनगरास, बसली. चाकणास उरला बाजार. कांदा, बटाटा आणि शनिवारी भरणारा बैलबाजार यांनी या कसब्याचे नाव दूरदूरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी राहिले, आणि चक्रेश्वराच्या पुरातन देवळात भाविकांची ये-जा राहिली. कोटाकडे मात्र कोणी पाहिले नाही.

याचे एक कारण विचारार्ह आहे. ऑस्ट्रियासारख्या देशात लहानशा गावावरील गढीत एकेक सरदारघराणे पिढ्यानुपिढ्या नांदत असे. वास्तू, जमीनजुमला आणि दप्तर ही त्या घराण्याची खासगी मिरास असल्याने ती जपण्यात त्याचा स्वार्थ असे. आपला भुईकोट हे कोणाचे घर नव्हते. ते सरकारी ठाणे होते. किल्लेदार बदलत, हुजुराची आज्ञा आली की बाडबिस्तरा उचलीत. सरकार गेले, तसा कोट निर्वारस झाला, आणि निर्वारस वास्तूचे दगड गावकऱ्यांच्या जोत्यात जावेत यात त्यांना दोष देण्याचे धाडस मी करणार नाही.

पुढचा मोठा वेढा पडला तो कारखान्यांचा. 1954 मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली; 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले; भोसरी, आकुर्डी, चिंचवड भरून गेल्यावर उद्योगाने मोशीपाशी इंद्रायणी ओलांडली. बजाजचा चाकण येथील कारखाना विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. 2009 मध्ये फोक्सवॅगनचा, त्याच सुमारास मर्सिडीज-बेंझचा आणि महिंद्राचा. ज्या सपाटीने कोटाला दुबळे केले तीच सपाटी यंत्रशाळांना हवी होती. ज्या नाशिक-पुणे आणि तळेगाव-शिक्रापूर रस्त्यांच्या फुलीवर ठाणे बसले होते, तीच फुली मालमोटारींना हवी होती. जिराईत माळाचा मोबदला घेऊन कोणी बंगला बांधला, कोणी खोल्या बांधून परप्रांतीय कामगारांना भाड्याने दिल्या, आणि कोणाचे पैसे जमिनीपेक्षाही लवकर संपले. 2015 मध्ये ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली.

सारेच निमूटपणे झाले असे नव्हे. शिंदे-वासुलीच्या माळावर डाऊ केमिकल या कंपनीचे संशोधन केंद्र उभे राहू लागले तेव्हा, 2008 साली, ग्रामस्थ आणि वारकरी रस्त्यावर उतरले. बांधकाम जाळले गेले, आणि ते केंद्र तेथे झाले नाही. ज्या भामचंद्र डोंगरावर तुकोबांनी चिंतन केले, त्याच्या पायथ्याशी रसायनांचा उद्योग नको, हा त्यामागील भाव होता. भोपाळच्या वायुदुर्घटनेची आठवणही होती. जाळपोळीचे समर्थन करता येत नाही. पण सरकारी अधिसूचनेस श्रद्धेने इतके प्रभावी उत्तर दिल्याचे उदाहरण या पट्ट्यात दुसरे नाही.

आज कोटाचे काही बुरुज, तटाचे तुटक भाग, खंदकाच्या खुणा आणि आतील विष्णूचे देऊळ एवढे शिल्लक आहे. अवतीभोवती घरे दाटली आहेत. पुरातत्त्व खात्याने काही दुरुस्ती केली आहे, ती उशिरा झाली तरी स्वागतार्हच. परंतु तट आणि खंदक यांची मूळ हद्द मोजून, दगड रोवून, नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात ती ठळकपणे दाखविल्याखेरीज उरलेलेही टिकणार नाही, आणि ज्या कारखान्यांना या मातीने जागा दिली त्यांनी या कामास हातभार लावणे मुळीच अवाजवी नव्हे. वाचकांपैकी अनेकांची गाडी चाकणच्या चौकात तासतासभर अडकत असेल. महामार्गापासून कोट लांब नाही. एखादे दिवशी गाडी बाजूस लावून, ईशान्येचा बुरुज कोठे असावा तेवढे पाहून यावे.