मागे राहिलेल्यांचे सुतक

घरात मृत्यू झाला की पहिल्या दिवाळीस त्या घरी फराळाची कढई चढत नाही. शेजारीपाजारी डबे नेऊन देतात. आमच्या कोपरला इमारतींची एवढी दाटी झाली, तरी ही रीत टिकून आहे. परंतु ज्या घरातील मुलाने आपल्या हाताने आयुष्य संपविले, त्या घराचे दार वाजवावयास माणसे का बरे कचरतात?

या कचरण्याचे मूळ जुने आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने आत्मत्याग करणाऱ्याचे सुतक आणि उदकदान दोन्ही नाकारले. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने वर्षानंतर नारायणबलीची वाट दाखविली खरी. पण तोवर घरच्यांनी शोकही करू नये की काय! पुढे १८६० च्या दंडसंहितेने ३०९ कलमाखाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार बोथट केली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम उरले नाही. भाषेत मात्र 'हत्या' तशीच राहिली. हत्या म्हटली की गुन्हेगाराचा शोध ओघाने आलाच, आणि तो शोध बहुधा घरच्यांपाशी येऊन थांबतो.

अशा घरी आप्तांच्या आधी पोलीस येतात. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, जबाब. मग भेटावयास येणारे. माझ्या ओळखीच्या एका बाईंना जो तो विचारी, "चिठ्ठी ठेवली होती का हो?" त्या मला म्हणाल्या, "मुलगा कसा होता, हे कोणी विचारीतच नाही." तो पेटी सुरेख वाजवीत असे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

'मी त्या दिवशी फोन घेतला असता तर?' हा प्रश्न अशा आईबापांना वर्षानुवर्षे सोडत नाही. वास्तविक अशा मृत्यूमागे एकच एक कारण क्वचितच असते. जिवलगांच्या मनातही पुढे तेच विचार येण्याचा धोका वाढतो, म्हणून मागे राहिलेल्यांची काळजी हाही प्रतिबंधाचाच भाग, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी आग्रहाने मांडले. आपल्याकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. त्या बाईंनी तेथे पहिला फोन केला तो रात्री दोनच्या सुमारास, झोप येईना म्हणून.