उचल, खाडा आणि हिशेबाची वही

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. हंगामापूर्वी मुकादम त्यांना 'उचल' देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'; ऊस तोडून ही उचल फेडायची. आजारपणात दिवस चुकला तर 'खाडा' लागून पैसे कापले जातात. त्यामुळे बाया दुखणे अंगावर काढतात.

२०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक असतील; पण सुट्टीला दंड हे त्यातले एक नाही, असे कोण म्हणेल?

मुकादमाचीही अडचण असते. मजूर पळाले तर कारखान्याच्या पैशाला तोच जबाबदार. म्हणून दोन्हीकडे संशय. यावर उपाय साधा आहे. उचल, दर, तोडलेले टन व कपात वहीत लिहावी; नक्कल मजुराला द्यावी. हिशेबाला बायकोलाही बसवावे, कारण निम्मे काम तिचे असते. आजारपणाचा खाडा लावू नये.

व्यापारी व कारागीर बांधवांनो, शिलाईच्या वा वेल्डिंगच्या दुकानातही आपण उचल देऊनच कारागीर बांधून ठेवतो. त्याच्या खिशात हिशेबाची चिठ्ठी आहे काय? नसेल तर आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी ती लिहून द्यावी.