दहावीचा निकाल आणि पेढीची गादी

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी घरात पेढे वाटले जातात आणि संध्याकाळी, चौविहाराच्या आधीच्या पंगतीत, आजोबा सहज विचारतात, "कॉमर्सच ना?" बहुतेक व्यापारी घरांत या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते. वाणिज्य शाखा वडिलोपार्जित मिळकतीसारखी आपोआप वारसाकडे येते. मुलगा असेल तर सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर पेढी. मुलगी असेल तर घराजवळचे कॉलेज. माल घेताना दहा ठिकाणचे भाव काढणारे हेच घर मुलाच्या आयुष्यातील पाच वर्षांचा सौदा मात्र अर्ध्या तासात उरकते.

यामागे शिक्षणाविषयीची अनास्था आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. 2011 च्या जनगणनेत जैन समाजाची साक्षरता देशात सर्वाधिक, जवळजवळ 95 टक्के नोंदली गेली. देशातील सुमारे साडेचव्वेचाळीस लाख जैनांपैकी चौदा लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात होते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा 1899 मध्ये स्थापन झाली. खेड्यांतील मुलांच्या उच्च शिक्षणासाठी कोल्हापुरात जैन बोर्डिंग उभे राहिले. त्याच बोर्डिंगात काही काळ राहिलेल्या कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी पुढे 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. सोलापूरचे वालचंद हिराचंद मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि मग व्यवसायात उतरले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. पूर्वजांनी बोर्डिंगे बांधली, देणग्या दिल्या. आजच्या घरांत उणीव आहे ती आखणीची.

आखणी चुकते ती बारावीनंतर, असा समज आहे. वास्तविक ती चुकते अकरावीच्या अर्जातील एका रकान्यात. राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेत बहुसंख्य महाविद्यालये विद्यार्थ्यापुढे पर्याय ठेवतात: गणित किंवा 'एसपी', म्हणजे चिटणीसाची कार्यपद्धती. दहावीच्या बीजगणिताने दमलेला पंधरा वर्षांचा मुलगा एसपीवर खूण करतो, गुण चढे मिळतील या हिशेबाने घरचेही मान डोलावतात, आणि विषय तिथेच मिटतो. पुढे बारावीत कळते की दिल्ली विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीला गणित अनिवार्य आहे. ज्या सीएसाठी गणित सोडले असे वाटत होते, त्या सीएच्या फाउंडेशन परीक्षेतही व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांचा शंभर गुणांचा पेपर सर्वांना द्यावाच लागतो. गणिताची खरोखर भीती असलेल्या मुलाला बळेच त्यात ढकलू नये, हे खरे. पण केवळ दोन-पाच टक्क्यांसाठी ते सोडणे म्हणजे पावलीच्या सवलतीसाठी रुपयाचा माल परत करणे होय.

दुसरी गोष्ट कागदाची. चोपडी चोख ठेवणाऱ्या समाजात शाळेचा दाखला मात्र कोणी नीट वाचत नाही. केंद्र सरकारने जानेवारी 2014 मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. जैन संस्थांच्या अल्पसंख्याक महाविद्यालयांत समाजातील विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. त्या मिळवण्यासाठी पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे प्रामुख्याने शाळा सोडल्याचा दाखला. अनेक घरांतील दाखल्यांवर धर्माच्या रकान्यात 'हिंदू' किंवा 'हिंदू जैन' असते. कुठे धर्माच्या जागी 'मारवाडी' वा 'गुजराती' असे लिहिलेले आढळते. पहिलीत नाव घालताना शिक्षकांनी विचारले, काकांनी सांगितले, आणि तीच नोंद दहा वर्षे पुढे सरकत राहिली. मातृभाषेच्या रकान्याचीही तीच कथा. मुंबईतील काही नामांकित महाविद्यालये गुजराती भाषिक अल्पसंख्याक आहेत. घरात पिढ्यान्‌पिढ्या गुजराती बोलणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर मातृभाषा मराठी वा हिंदी लिहिलेली असेल तर त्या कोट्यात त्याचा दावा दुबळा पडतो.

मुलगा शाळेत असतानाच जनरल रजिस्टरमधील नोंद पाहून, चूक असल्यास वडिलांच्या वा मोठ्या भावंडांच्या दाखल्यासह दुरुस्तीचा अर्ज द्यावा. हे काम आठवी-नववीत सोपे असते. शाळा सुटल्यावर तेच काम लांबते, आणि प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही. मध्यम किंवा बेताच्या उत्पन्नाच्या घरांनी आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राचाही विचार करावा. सर्वच जैन कुटुंबे सधन असतात हा बाहेरच्यांचा समज आहे. तालुक्याच्या गावी किराणा दुकानाच्या चार फळ्यांवर संसार चालवणाऱ्यांना वस्तुस्थिती ठाऊक असते. मात्र केंद्रीय प्रवेशांसाठी हे प्रमाणपत्र त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेले असावे लागते. गतवर्षीचे प्रमाणपत्र फाइलमध्ये जपून ठेवून निर्धास्त राहिलेल्या पालकांची ऐनवेळी धावपळ होते.

अकरावीचे प्रवेश 2025-26 पासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले आहेत. कोट्यातून प्रवेश निश्चित केला की विद्यार्थी नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो, एवढे ध्यानात ठेवूनच तो घ्यावा.

सीएविषयी समाजात आदर इतका आहे की लग्नाच्या परिचयपत्रात ती दोन अक्षरे नावाआधी येतात. पण मार्गाचे टप्पे किती पालकांना नीट माहीत असतात? फाउंडेशनसाठी नोंदणी दहावीनंतर करता येते, परीक्षा मात्र बारावीनंतर. पेपर चार, गुण चारशे. प्रत्येकात किमान 40 टक्के आणि एकूण 50 टक्के हवेत. इंटरमीजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर आर्टिकलशिप. नव्या योजनेत ती तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. या काळात परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करता येत नाही. म्हणजे 'दिवसा आर्टिकलशिप, संध्याकाळी आपली पेढी' हा घरगुती बेत नियमात बसत नाही. मुलाला सीए करायचे ठरले तर पेढीने काही वर्षे त्याच्यावाचून चालवायची तयारी ठेवली पाहिजे, आणि ही गोष्ट फाउंडेशनच्या आधी स्पष्ट बोललेली बरी.

सीएखेरीज जग नाही असेही नाही. राज्यातील बीबीए, बीएमएस, बीसीए या अभ्यासक्रमांसाठी 2024 पासून स्वतंत्र सीईटी सुरू झाली; बारावीच्या गुणांवर थेट प्रवेश मिळेल या भरवशावर बसलेल्या अनेकांना त्या वर्षी ती अनपेक्षित होती. दिल्ली व इतर केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सीयूईटी आहे. इंदूरच्या आयआयएमचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम 2011 पासून बारावीनंतर खुला आहे. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी आणि तयारीही वेगळी. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राकडे वळणाऱ्यांना एमएचटी-सीईटी, वैद्यकीयसाठी नीट. या साऱ्या परीक्षा साधारण जानेवारी ते जून या काळात येतात. नेमक्या त्याच काळात लग्नसराई असते आणि वर्षीतपाचे पारणेही. बारावीच्या वर्षी मुलाने प्रत्येक समारंभाला हजर राहिलेच पाहिजे, हा आग्रह वडीलधाऱ्यांनी सोडला तर समाज त्यांना दोष देणार नाही.

सर्वांत अवघड प्रश्न घराबाहेर राहण्याचा. मुलगा पुण्याला गेला तर कंदमूळ वर्ज्य राहील का, सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, ही चिंता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती श्रद्धेची चिंता आहे. तिला समाजाने शतकापूर्वीच उत्तर दिले आहे. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने 1915 मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. आज पुणे, अहमदाबाद, बडोदे अशा ठिकाणी त्याच्या शाखा आहेत. इतर पंथांची व सभांची बोर्डिंगेही ठिकठिकाणी आहेत. जागा मोजक्या असतात, म्हणून कॉलेजच्या अर्जाबरोबरच वसतिगृहाचाही अर्ज भरावा. प्रवेश मिळाल्यावर खोली शोधू, असे म्हणणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा खाणावळच येते.

मुलींच्या बाबतीत मात्र हा भोजनाचा प्रश्न पुष्कळदा निमित्त म्हणून पुढे येतो. भावाला त्याच गावी, तशाच खाणावळीच्या भरवशावर पाठवले जाते आणि बहिणीसाठी तोच मुद्दा नकाराचा आधार ठरतो. सोलापूरला श्राविकाश्रमातून पद्मश्री सुमतिबाई शहा यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले. त्या परंपरेच्या प्रदेशात नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीने 'घराजवळचे' म्हणून कोणतेही कॉलेज स्वीकारावे, हे पटण्यासारखे नाही. तिच्यासाठी कन्या छात्रालये पाहावीत, आईने आणि वडिलांनी प्रत्यक्ष जाऊन स्वयंपाकघर व व्यवस्था तपासावी, आणि मग नकार द्यायचाच असेल तर खरे कारण सांगून द्यावा.

आणि पेढी? तिची गादी रिकामी राहील ही आजोबांची भीती खोटी नाही. पदवीनंतर परत येणाऱ्यांसाठीही आता वाटा आहेत. मुंबईतील एस. पी. जैन व्यवस्थापन संस्थेत कौटुंबिक व्यवसायातील मुलांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. महिन्यातील काही दिवस वर्ग आणि उरलेले दिवस स्वतःच्या पेढीवर, अशी त्याची रचना आहे. तीन वर्षे बाहेर राहून आलेला नातू भावाच्या पाटीपेक्षा खर्चाच्या नोंदी आधी मागतो, उधारीच्या वसुलीचे वेळापत्रक करतो, आणि दिवाळीच्या वहीपूजनाला लॅपटॉपही पाटावर ठेवतो. आजोबा त्यालाही कुंकू लावतात.