मनगटावरचं जीपीएस घड्याळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबई मॅरेथॉनला किंवा साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलं की बुटांपाठोपाठ खरेदी होते ती जीपीएस घड्याळाची. सल्ले भरपूर मिळतात, पण त्यातले बरेच अर्धवट असतात. मग कुणी नको त्या सोयींवर पैसे घालतं, तर कुणी चुकीच्या आकड्यामागे धावून दुखापत ओढवून घेतं. कोणता आकडा थेट मोजलेला आणि कोणता अंदाजाने काढलेला, एवढं कळलं तर निवड सोपी होते.

गैरसमज : खोक्यावर ‘जीपीएस’ लिहिलंय, म्हणजे घड्याळात ते आहेच.

वस्तुस्थिती : स्वस्त बँडमध्ये पुष्कळदा ‘कनेक्टेड जीपीएस’ असतं. उपग्रहांचे संदेश फोन घेतो, घड्याळ फक्त दाखवतं. फोन घरी ठेवला तर नकाशा उमटत नाही आणि अंतर हाताच्या हालचालींवरून काढलं जातं. फोनशिवाय धावायचं असेल तर ‘बिल्ट-इन जीपीएस’ आहे ना, हे विचारून घ्या. त्याला सिमकार्ड किंवा इंटरनेट लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संदेश मिळाले की ते आपली जागा ठरवतं.

गैरसमज : हाफ मॅरेथॉनमध्ये घड्याळाने २१.४ किलोमीटर दाखवले, म्हणजे आयोजकांची मोजणी चुकली.

वस्तुस्थिती : प्रमाणित मार्ग मोजणी-यंत्र बसवलेल्या सायकलने मोजतात, तेही वळणांच्या आतल्या कडेने, म्हणजे धावता येईल अशा सर्वांत कमी अंतराने. शिवाय मार्ग तोकडा पडू नये म्हणून दर हजार मीटरला एक मीटर जादा धरतात. आपण मात्र गर्दीतून वाट काढतो, वळण बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडे सरकतो. त्यात जीपीएसची काही मीटरची चूक मिसळते.

याचा फटका वेळेला बसतो. २१.०९७५ किलोमीटर दोन तासांत संपवायला किलोमीटरमागे ५ मिनिटं ४१ सेकंदांचा पेस लागतो. घड्याळ शेवटी २१.४ दाखवणार असेल, तर त्यावर सरासरी ५:३६ दिसायला हवी. ५:४१ वर विसंबलात तर दीड मिनिटाहून जास्त उशीर होईल. म्हणून लॅपचं, म्हणजे प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी नोंदवणारं, बटण हाताशी असलेलं घड्याळ घ्या आणि शर्यतीत किलोमीटरच्या पाटीपाशी ते स्वतः दाबा.

गैरसमज : ‘ड्युअल बँड’ नसेल तर घड्याळ कुचकामी.

वस्तुस्थिती : लोअर परळसारख्या उंच इमारतींच्या भागात किंवा घाटातल्या कड्याखाली उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतात, त्यामुळे नकाशावरची रेघ भरकटते. ड्युअल बँड घड्याळ दोन फ्रिक्वेन्सींवर संदेश घेतं आणि ही चूक बरीच कमी करतं. पण बॅटरीही जास्त खातं. मोकळ्या रस्त्यावर सराव करणाऱ्याला साधं जीपीएस पुरतं. धावायला लागण्याआधी उघड्यावर थांबून सिग्नल पक्का होऊ देणं, हे बिनखर्चाचं काम आधी करा.

गैरसमज : मनगटावरची हृदयगती ईसीजीइतकीच खरी.

वस्तुस्थिती : घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्तप्रवाहातले चढउतार टिपतं. संथ धावण्यात हे बऱ्यापैकी जमतं. इंटर्व्हलमध्ये, म्हणजे आलटूनपालटून वेगाने आणि सावकाश धावताना, ते मागे पडतं, कधी पावलांचा ठेकाच हृदयाचे ठोके म्हणून मोजतं. सैल पट्टा आणि गोंदण यांमुळेही गडबड होते. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या किंचित वर, घट्टसर बांधा. इंटर्व्हलचा सराव गांभीर्याने करायचा असेल, तर महाग घड्याळापेक्षा छातीच्या पट्ट्यावरचा खर्च सार्थकी लागतो. हा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो. फक्त घड्याळ त्याला जोडता येतं का, ते पाहा.

घड्याळातले ‘झोन’, म्हणजे हृदयगतीचे टप्पे, हेही तपासून घ्या. ते बहुधा ‘२२० वजा वय’ या ठोकताळ्यावर बेतलेले असतात. साठ वर्षांच्या माणसाची कमाल हृदयगती त्यानुसार १६० येते, तर २००१ साली मांडलेल्या ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ या सूत्राने १६६. समवयस्कांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. सोप्या धावेत पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ही कसोटी झोनइतकीच मोलाची आहे.

गैरसमज : घड्याळाने ६०० कॅलरी दाखवल्या, तेवढं खायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं तपासली. सहांची हृदयगतीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचीही चूक सरासरी २७ टक्के निघाली. कॅलरींच्या आकड्यावर आहार ठरवू नका.

गैरसमज : बॅटरी दोन आठवडे चालते, म्हणजे धावताना काळजी नाही.

वस्तुस्थिती : तो आकडा जीपीएस बंद असतानाचा. गार्मिन फोररनर ५५ साठी कंपनी दोन आठवडे सांगते, पण जीपीएस चालू असताना वीस तास. मॅरेथॉनला हे भरपूर आहे, १०० किलोमीटरच्या अल्ट्राला हिशेब करावा लागेल.

पहिल्यांदा घेणाऱ्याने बिल्ट-इन जीपीएस, लॅपचं बटण, छातीच्या पट्ट्याची जोडणी आणि जीपीएसवरचे तास, एवढं पाहिलं तरी पुरे. उरलेले पैसे चांगल्या बुटांसाठी ठेवा. आणि छातीत दुखलं, भोवळ आली किंवा धाप विचित्र वाटली, तर घड्याळ काहीही दाखवत असो, तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.