पहिला काप कुठून घ्यायचा?

मांडवगण फराट्याच्या शिवारात एखादं मोठं झाड पडलं, की त्याची किंमत टनात निघते. विहिरीवरची जुनी बाभूळ असो, बांधावरचा कडुनिंब असो, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात उन्मळलेली चिंच. लाकडाचा व्यापारी येतो, बुंध्याभोवती एक फेरी मारतो, भाव सांगतो आणि दुपार कलायच्या आत झाडाचे दोन-दोन फुटांचे तुकडे ट्रॉलीत पडलेले असतात. पुढे त्यांचं सरपण होतं. त्याच घरचा नवा बंगला उभा राहतो तेव्हा दाराची चौकट मात्र पुण्याच्या टिंबर मार्केटमधून येते, आणि तिचा भाव घनफुटात असतो.

टनाचं लाकूड घनफुटाचं होतं ते ओंडका उभा चिरल्यावर. चिरणारा आरा मात्र गावात नसतो. आठ फूट लांबीचा, साठ इंच गोलाईचा ओला बाभळीचा ओंडका साडेचारशे किलोच्या आसपास भरतो. तो उचलायला जेसीबी, न्यायला ट्रॉली, वाहतुकीचा पास, वखारीत नंबर. एका झाडासाठी एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून शेतकरी कुऱ्हाडीला होकार देतो. छोट्या आरागिरणीची सगळी कल्पना या अडचणीतून निघाली आहे: झाड गिरणीकडे न्यायचं नाही, गिरणी झाडाकडे आणायची.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या वूड-मायझर कंपनीने गाडीमागे ओढून नेता येणारी अशी पट्टीकरवत जगभर पोहोचवली. आता त्या धर्तीची यंत्रं आपल्याकडेही मिळतात. वखारीतल्या मोठ्या मशीनमध्ये करवत जागेवर फिरते आणि ओंडका ट्रॉलीवरून तिच्याकडे सरकतो. इथे उलटं. ओंडका रुळांच्या मधोमध निजलेला असतो आणि इंजिन, दोन चाकं व त्यांच्यावर ताणलेला सव्वा इंच रुंदीचा पट्टा, असं सगळं डोकंच रुळांवरून पुढे ढकलायचं. पिठाच्या गिरणीचा पट्टा दोन पुल्यांवर फिरतो तसाच हा फिरतो. फक्त याच्या एका काठाला दात असतात, आणि तो तापू नये, त्याला चीक-डिंक धरू नये म्हणून वरून पाण्याची बारीक धार सोडलेली असते.

या मुलखात लाकूडकामाची मुळं किती खोल आहेत ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या बेचक्यातला हा भाग. घोडेच्या काठावरच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा इ.स.पूर्व १६०० ते ७०० दरम्यानची वस्ती उजेडात आली. कुडाच्या त्या घरांचे खांब कधीच मातीला मिळाले. शिल्लक होते खांब रोवल्याचे खड्डे. खांब गोल चालतो, त्याला चिरावं लागत नाही. फळी आणि तुळई हवी असेल तरच करवत लागते. पुढे माळवदाची घरं आली, तुळयांवर सर, सरांवर किलचन, वर पांढरी माती, आणि सुताराच्या हाताला उसंत राहिली नाही. गाडीच्या चाकाचे तुंबे, आरे, पुठ्ठे बाभळीचे. नांगर बाभळीचा. लोखंडी चरक येण्याआधी ऊस पिळणाऱ्या उभ्या लाटाही बाभळीच्याच. आज याच पट्ट्यातला ऊस पिळायला साखर कारखाने आहेत, आणि बाभळीला विचारणारं कुणी नाही.

यंत्रापूर्वी मोठा ओंडका दोन माणसं चिरत. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एक जण वर उभा राहायचा, दुसरा खड्ड्यात. वरचा करवत ओढून घेई आणि रेषेवर ठेवी, खालचा खाली खेची आणि दिवसभर डोळ्यांत भुसा झेली. रेष आखायची ती काव लावलेल्या दोऱ्याने. दोरा दोन टोकांना ताणायचा, मधे चिमटीत धरून उचलायचा आणि सोडायचा. लाकडावर लाल रेघ उमटते. ‘सुतासारखा सरळ’ म्हणताना आपल्या ध्यानात नसलं तरी ते सूत हेच.

याच शब्दाचं दुसरं रूप सुतार आणि गवंडी आजही रोज वापरतात. इंचाचे आठ भाग, प्रत्येक भाग एक सूत. छोट्या गिरणीचं खरं गणित या सुतांत आहे. करवत लाकडातून जाते तेव्हा स्वतःच्या जाडीएवढं लाकूड भुसा करून टाकते. चेनसॉ तीन सूत खाते, गोल पात्याची करवत दोन सूत, आणि ही पातळ पट्टी अर्ध्या सुताहून थोडं जास्त. आता अठरा इंच जाडीचा चौकोनी केलेला ओंडका घ्या, म्हणजे १४४ सूत, आणि त्याच्या इंची फळ्या पाडा. चेनसॉने तेरा निघतात. गोल पात्याने चौदा. पट्टीने सोळा. तेराच्या सोळा झालेल्या त्या तीन फळ्या दुसऱ्या रीतीत जमिनीवर भुसा होऊन पडतात. यंत्राची जाहिरात वाचताना अश्वशक्तीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मी म्हणेन, आधी पात्याची जाडी विचारा.

मापाची एक गंमत इथेच सांगून टाकतो, कारण ती न कळल्यामुळे भांडणं होतात. आपल्याकडे गोल लाकूड मोजताना गोलाईला चाराने भागतात, आलेल्या आकड्याचा वर्ग करतात, फुटांतल्या लांबीने गुणतात आणि १४४ने भागतात. सुरुवातीचा आठ फुटी, साठ इंच गोलाईचा ओंडका घेऊ: साठाला चाराने भागून पंधरा, पंधराचा वर्ग २२५, गुणिले आठ, भागिले १४४, उत्तर साडेबारा घनफूट. भूमितीने काढलं तर तोच ओंडका जवळजवळ सोळा घनफूट भरतो. ही फसवणूक नाही. गोलातून चौकोन काढताना कडेचे काप वाया जाणार, हे गृहीत धरून ही रीत ब्रिटिश काळापासून चालत आली आहे. मात्र विकताना एक माप आणि चिरणावळ देताना दुसरं, असं होऊ देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. ओंडका रुळांवर चढला, इंजिन सुरू झालं, तरी जाणता माणूस लगेच पट्टा घालत नाही. तो आधी बोलणं काढतो.

‘तात्या, या झाडाला कधी काही ठोकलं होतं का?’

‘नाही ओ. मोटारीची पेटी होती तेवढी. तिलाही तीस वर्षं झाली.’

त्या पेटीचा खिळा झाडाने केव्हाच गिळलेला असतो. वरून सालीवर मागमूस नसतो, आत मात्र तो तसाच उभा असतो. एका खिळ्याने पट्ट्याचे सगळे दात जातात. कुंपणाची तार, झुल्याची कडी, कडुनिंबाला नवसाचे ठोकलेले खिळे. घराजवळच्या झाडात लोखंड आहे असंच धरून चालावं. लाकडात निळसर-काळा डाग दिसला तर जवळपास खिळा आहेच, कारण लाकडातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं पडतं. चिखलातून ओढत आणलेला ओंडका तर आधी धुवायचा, नाहीतर साल काढायची. सालीत रुतलेली रेती पट्ट्याला खिळ्यासारखीच, फक्त सावकाश मारते.

मग पहिला काप. ओंडका बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे निमुळता असतो. नुसता ठेवून चिरला, तर गाभा तिरका जातो आणि फळीत रेषा आडव्या धावून फळी तिथेच मोडते. म्हणून बारीक टोकाखाली पाचर सारून गाभा दोन्ही टोकांना रुळांपासून सारख्या उंचीवर आणायचा. ओंडक्याला बाक असेल तर तो कुठल्या बाजूला ठेवायचा, हेही याच वेळी ठरतं. सालीकडचा पहिला काप घेतला, की पहारीने ओंडका उलथायचा आणि समोरची बाजू घ्यायची, मग उरलेल्या दोन. चौकोन झाला की फळ्या. एकाच बाजूने भराभर फळ्या काढत सुटलं, तर उरलेला ओंडका धनुष्यासारखा वाकतो. वाढत्या झाडाच्या बाहेरच्या थरांत ताण असतो आणि गाभ्यात दाब. एक बाजू काढली की तोल जातो. नीलगिरीत हा ताण इतका असतो, की फळी पात्यातून बाहेर पडतानाच फाटते.

फार मोठा बुंधा, जुनी चिंच किंवा वड, या यंत्रात मावतच नाही. तेव्हा आधी बुंध्यावर शिडीसारखी सरळ चौकट ठोकायची, तिच्या आधाराने चेनसॉ चालवून त्याचे दोन किंवा चार भाग करायचे आणि मग ते रुळांवर घ्यायचे. तीन सूत वाया जातात, पण इलाज नाही. अलीकडे शहरात साल तशीच ठेवलेल्या अख्ख्या फळीच्या टेबलाची हौस आली आहे. चिंचेचा जांभळट तपकिरी गाभा त्यात खुलतो खरा. एरवी हे लाकूड खाटकाच्या ठोकळ्याला आणि तेलाच्या घाण्याला जायचं.

फळी निघाली म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्याची सगळी मेहनत चैत्रातल्या एका आठवड्यात फुकट जाते. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही; वर्तुळाच्या दिशेने मात्र गाभ्यापासून सालीच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आटतं. म्हणून गाभ्याच्या बाजूची रुंद फळी पन्हळीसारखी वळते. शिरूर-दौंडचा हा पूर्व भाग पर्जन्यछायेतला, उन्हाळी वारा कोरडा. लाकूड लवकर वाळतं हा फायदा, आणि इतक्या लवकर वाळतं की टोकं तडकतात हा तोटा. म्हणून कापल्याबरोबर टोकांना रंग किंवा मेण लावायचं, तेही नसेल तर शेण-माती. थप्पी सावलीत, जमिनीपासून फूटभर वर. दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या नेमकी वर. वरून दगडांचं वजन. चिरायला दिवाळीनंतरचे दिवस बरे; थंडीत लाकूड घाई करत नाही.

जुने सुतार बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवत. अडाणीपणा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं आणि पीठ पाडणारा किडा त्याच्यासाठीच येतो. पाण्यात ते पिष्ट बरंचसं निघून जातं. आता बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात फळ्या बुडवल्या तरी भागतं. आंब्याला हे करावंच लागतं, त्याला कीड आणि निळी बुरशी फार लवकर धरते. कडुनिंब याबाबतीत सुखाचा. वाळलेली बाभूळ इतकी कठीण होते की रंध्याची धार जाते, म्हणून तिला ओलीच चिरावी.

कायद्याचं ओझं हलकं नाही. राज्याच्या १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ ही आपल्या बांधावरची झाडंही आहेत, त्यामुळे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगी लागते. बाभूळ आणि कडुनिंब त्या यादीत नाहीत. यंत्राची गोष्ट आणखी अवघड. गोदावर्मन तिरुमुलपाड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ला दिलेल्या आदेशापासून देशभरच्या आरागिरण्यांवर नियंत्रण आलं, २००२मध्ये नव्या गिरण्यांना आणखी लगाम बसला, आणि केंद्राने २०१६मध्ये लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यंत्रशक्तीवर लाकूड चिरणं म्हणजे आरागिरणी, अशी त्यांतली सरळ व्याख्या आहे. यंत्राला चाकं आहेत म्हणून ते सुटेल, या भरवशावर कुणी राहू नये. आगाऊ रक्कम भरण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन यावं. जंगल वाचवायला केलेला नियम बांधावरच्या बाभळीला सरपणात ढकलतो, ही माझी तक्रार आहे. पण नियम सैल केला तर उद्या सह्याद्रीतल्या सागाला चाकं फुटतील, हेही मला दिसतं.

फळी वाळली की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. थप्पीतली एक फळी निवडायची, तिच्यावर खडूने खूण करायची आणि कांद्याच्या पिशव्या तोलायच्या काट्यावर दर आठवड्याला तोलायची. पहिले काही आठवडे वजन भराभर उतरतं, मग रेंगाळतं. इंची फळीला वर्ष लागतं असं म्हणतात. इथल्या हवेत त्याहून कमी लागतं. वजन थांबलं की सुताराला बोलवायचं. जूनमध्ये मात्र तोलू नये. पहिल्या पावसानंतर तीच फळी पुन्हा थोडी जड भरते.