व्हेलोसेटची किक

व्हेलोसेट व्हेनम नुसत्या पायाच्या जोरावर सुरू होत नाही. बर्मिंगहॅममधल्या माझ्या शेजारच्या आजोबांकडे ही ४९९ सीसीची, एका सिलिंडरची गाडी आहे. आजोबा आधी पेट्रोलचा कॉक उघडतात, मग कार्ब्युरेटरचा टिकलर पेट्रोल ओघळेपर्यंत दाबून धरतात. किक सावकाश खाली नेतात; कॉम्प्रेशन लागलं की पाय अडतो. तिथे सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकंप्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, लिव्हर सोडायचा, किक पुन्हा वर घ्यायची आणि शेवटपर्यंत एकच लांब किक मारायची. जुनी बुलेट चालवलेल्यांच्या पायाला हे लगेच कळेल.

क्लचची तऱ्हा मात्र साऱ्या जगाहून वेगळी. तो साखळीच्या पुढच्या स्प्रॉकेटच्या आत दडलेला. स्प्रॉकेटच्या भोकातून एक पिन आत घालायची आणि मागचं चाक हाताने फिरवायचं. तेवढ्यात क्लचचा प्ले, म्हणजे मोकळीक, जुळतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. ज्यांनी हे समजून घेतलं नाही, त्यांनी या क्लचला जन्मभर शिव्या दिल्या.

व्हेलोसेटचा कारखाना एका कुटुंबाचा होता. जर्मनीतून आलेल्या योहानेस गुटगेमान यांनी तो उभारला. पहिल्या महायुद्धाच्या काळात घराण्याने गुडमन हे नाव घेतलं. पायाने गिअर बदलल्यावर लिव्हर आपोआप मधल्या जागी परत येतो, ती युक्ती याच कारखान्यातल्या हॅरल्ड विलिस यांनी रेसच्या गाडीसाठी बसवली. आज आपण जवळजवळ प्रत्येक मोटारसायकलवर ती वापरतो आणि त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं, याची मला खंत वाटते. १९४९ आणि १९५० साली ३५० सीसीचं विश्वविजेतेपद व्हेलोसेटकडेच होतं. मार्च १९६१मध्ये फ्रान्समधल्या माँतलेरीच्या ट्रॅकवर व्हेनम सलग २४ तास धावली, ताशी १०० मैलांहून जास्त सरासरीने. त्याआधी कुठल्याही मोटारसायकलला हे जमलं नव्हतं.

पैसा मात्र दुसरीकडे अडकला. सामान्य माणसासाठी १९४८मध्ये काढलेली एलई ही पाण्याने थंड होणारी, जवळजवळ बिनआवाजाची गाडी. ब्रिटिश पोलिसांना गस्तीसाठी ती फार आवडली. घराघरांत मात्र अपेक्षेइतकी पोचली नाही. १९७१मध्ये बर्मिंगहॅमच्या हॉल ग्रीन भागातला हा कारखाना बंद झाला.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात व्हेलोसेट दिसली, तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. मालकाला किक मारून दाखवायला सांगा, आणि क्लचची पिनही पाहायला मागा.