चार कोटी आकडी एकांडा शिलेदार!

दोनने भाग जात नाही, तीनने नाही, सातने तर नाहीच. स्वतः आणि एक सोडून कुणालाच दाद देत नाही! अशांना शाळेत आपण ‘मूळ संख्या’ म्हणायचो आणि परीक्षा संपली की विसरायचो. मी पण त्यातलीच. पण २०२४ मध्ये सापडलेल्या, तोवरच्या सगळ्यात मोठ्या मूळ संख्येची कुंडली वाचली आणि आपण एकदम फिदा!

नाव छोटं, देह मोठा

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. बस्स, एवढंच नाव. लिहून काढलीत तर आकडे होतात ४,१०,२४,३२०. सेकंदाला एक आकडा वाचा, झोप-चहा-मीटिंग सगळं कॅन्सल करा, तरी पावणेपाचशे दिवस लागतील. बायनरीत मात्र नुसते एकावर एक एक. औषधालाही शून्य नाही! मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घराण्यातली ही सापडलेली ५२ वी.

फंडा काय?

एकेका संख्येने भागत बसलात तर जन्म पुरणार नाही. म्हणून लुकास-लेमर टेस्ट. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. पुन्हा तेच. घातापेक्षा दोन कमी इतक्या फेऱ्या झाल्यावर बाकी शून्य आली, तर पास! ३१ म्हणजे २ चा पाचवा घात वजा १, म्हणून तीन फेऱ्या : ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ८. ८ वरून ६२, बाकी शून्य. जमलं! पण अकरावा घात घ्या, २०४७ येतात आणि ते निघतात २३ गुणिले ८९. सगळेच पास होत नाहीत, बॉस.

खिशाला चाट

ही शोधली ल्यूक ड्युरंटने, एनव्हिडियाच्या माजी कर्मचाऱ्याने. १९९६ पासून चाललेल्या ‘गिम्प्स’ या हौशी मंडळींच्या प्रोजेक्टसाठी त्याने १७ देशांतले ग्राफिक्स प्रोसेसर कामाला लावले. डब्लिनमधल्या मशीनने ‘बहुतेक मूळ’ म्हटलं, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या मशीनने शिक्का मारला. बक्षीस ३,००० डॉलर, खर्च कितीतरी पट जास्त. बक्षीसही त्याने आपल्या जुन्या शाळेला द्यायचं ठरवलं.

उपयोग काय?

नेटबँकिंगच्या कुलपात मूळ संख्या असतात, पण तिथे काहीशे आकडी पुरतात. शिवाय जगजाहीर किल्ली काय कामाची? तरी प्रत्येक मर्सेन मूळ संख्येबरोबर एक ‘परिपूर्ण’ संख्या फ्री मिळते. ७ बरोबर २८ : तिचे विभाजक १, २, ४, ७, १४, बेरीज पुन्हा २८! ड्युरंटच्या संख्येची जोडीदारीण आठ कोटींहून जास्त आकडी.

मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने केव्हाच दाखवलं. पण मर्सेनवाल्या अनंत आहेत का? अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. म्हणजे पुढची असेलच, याचीही खात्री नाही आणि तरी माणसं शोधतायत. मला हेच सॉलिड आवडलं. घरचा पीसी रात्रभर रिकामा बसतो ना? लावा कामाला. ऑफिसचा नको, आयटीवाले खवळतील!